सर्वात वाईट शंभर मीटर: समुद्री पवनऊर्जेचा केबलमार्ग आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, केंद्रीय विद्युत प्राधिकरण, तसेच समुद्रातील पवनऊर्जा किनाऱ्यावरून ग्रिडपर्यंत नेण्याचा मार्ग आखणारे सर्व अधिकारी आणि सल्लागार

विषय: गुजरातमधील महुवा-पिपावाव किनाऱ्यावर जमिनीखालून जाणाऱ्या केबलच्या मार्गाची निवड

सप्रेम नमस्कार.

19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्री पवनऊर्जेसाठी 7,453 कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले 6,853 कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील प्रत्येकी 500 मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी, तर 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. समुद्रातली उपकेंद्रे आणि वीज वाहून आणणारी यंत्रणा पॉवरग्रिडने उभारायची, असेही तेव्हाच ठरले. त्यानंतर निविदांचे वेळापत्रक पुढेमागे होत राहिले. या रेंगाळण्याचा एक फायदा मात्र आहे: ज्या तुकड्याचा विचार नेहमी सर्वात शेवटी होतो, त्याचा विचार यावेळी आधी करायला वेळ मिळाला आहे.

तो तुकडा म्हणजे किनाऱ्यापासून, वीज एकत्र करून ग्रिडला देणाऱ्या पूलिंग उपकेंद्रापर्यंतची पाच-दहा किंवा पंधरा किलोमीटर जमीन. खंबातच्या आखातात 2017 पासून लायडार, म्हणजे लेझर किरणांचे यंत्र, बसवून वारा मोजला गेला, समुद्रतळाचे सर्वेक्षण झाले, लाटांची गणिते मांडली गेली. जमिनीवर काय होते? उपकेंद्राची जागा ठरते, किनाऱ्यावरचा एक बिंदू ठरतो आणि दोघांच्या मध्ये नकाशावर रेघ ओढली जाते. गावे, खारफुटी आणि बंदराची हद्द टाळून जी रेघ सर्वात आखूड निघेल, ती ‘पसंतीचा मार्ग’ ठरते.

आमचे म्हणणे एकच आहे. मार्ग आखूड आहे की लांब हे दुय्यम आहे. मार्गांची तुलना करायची तर त्यांच्यावरच्या सर्वात वाईट शंभर मीटरची करा.

हवेतल्या तारेला वारा थंड करतो. जमिनीतल्या केबलला थंड करायला आजूबाजूच्या मातीशिवाय कोणी नाही. एक्सएलपीई, म्हणजे पॉलिथिलीनचे विद्युतरोधक असलेल्या, केबलच्या वाहकाचे तापमान सतत 90 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नसते. दहा किलोमीटरपैकी नऊ किलोमीटर नऊशे मीटर केबल 65 अंशांवर सुखाने पडून असली आणि उरलेल्या शंभर मीटरमध्ये 90 गाठले गेले, तर सगळ्या केबलची क्षमता त्या शंभर मीटरने ठरते. बाकीचे तांबे तुम्ही उगाच विकत घेतलेले असते.

आकडे घेऊन बोलू. 500 मेगावॉट 220 केव्हीवर (किलोव्होल्टवर) आणायचे म्हणजे सुमारे 1,312 अँपिअर. एवढी वीज तीन-गाभ्याच्या एका समुद्री केबलमधून येत नाही, म्हणून दोन सर्किट, म्हणजे अशा दोन केबली, धरू, प्रत्येकी 656 अँपिअर. यात केबलचा स्वतःचा चार्जिंग करंट, म्हणजे केबल विद्युतभारित ठेवण्यातच जाणारा करंट, मिळवावा लागतो. 0.2 मायक्रोफॅरड प्रति किलोमीटर धारकता धरली तर तो किलोमीटरला 8 अँपिअर पडतो. समुद्रातले 30 आणि जमिनीवरचे 10 किलोमीटर मिळून 320 अँपिअर. हा करंट भरून काढणारे शंट रिअॅक्टर फक्त किनाऱ्यावर ठेवले तर हे सगळे 320 अँपिअर जमिनीवरच्या टोकातूनच वाहतात आणि तिथला एकूण करंट 730 होतो (दोन्ही करंट काटकोनात मिळतात, त्यांची साधी बेरीज होत नाही). उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास 24 टक्के जास्त. रिअॅक्टर निम्मे समुद्रातल्या उपकेंद्रावर ठेवले तर करंट 675 राहतो आणि वाढ 6 टक्क्यांवर येते. रिअॅक्टर कुठे ठेवायचे हा प्रश्न कागदावर उपकेंद्राच्या विभागाचा असतो आणि मार्ग आखणाऱ्यांच्या बैठकीत तो विभाग बहुधा नसतो. त्याला बोलवा.

आता माती. केबलच्या गणितात मातीचा उष्णतारोध धरावा लागतो. इंग्लंडमध्ये तो बहुधा 1.2 केल्विन-मीटर प्रति वॉट धरतात आणि जमिनीचे तापमान 15 अंश. परदेशी सल्लागाराच्या तक्त्यात हे आकडे आधीच भरलेले असतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात मीटर-सव्वा मीटर खोलीवर 30 ते 35 अंश धरावे लागतात. 90 पर्यंत चढायला तिकडे 75 अंशांची मोकळीक आहे, इकडे 55. नुसत्या या फरकाने क्षमता 14 टक्क्यांनी उतरते, मातीचा विचार अजून सुरूही झालेला नसतो. उष्णतारोध 1 वरून 2 वर गेला की आणखी सुमारे पाव भाग जातो.

काळी माती काय करते हे मराठी वाचकाला सांगायला नको. मे महिन्यात वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. ओली असताना ही माती उष्णता बरी वाहते. सुकली की आकसते आणि केबलच्या किंवा तिच्या नळीच्या, म्हणजे डक्टच्या, अंगापासून सुटते. मध्ये हवा शिरते, आणि हवेचा उष्णतारोध 40 च्या आसपास असतो. केबल तापते, तापल्यामुळे भोवतालची ओल आणखी दूर पळते, माती आणखी सुकते, रोध वाढतो, केबल आणखी तापते. साधारणपणे केबलचा पृष्ठभाग 50 अंश ओलांडू लागला की हे चक्र सुरू व्हायची भीती असते. म्हणून ‘मातीचा उष्णतारोध अमुक’ असा एकच आकडा देणारा अहवाल परत पाठवा. ओल्यापासून ठार कोरड्यापर्यंत ओलाव्याच्या पाच-सहा टप्प्यांवर रोध किती, हा आलेख हवा. दर 500 मीटरला, शिवाय जिथे जिथे माती बदलते तिथे, 1, 1.5 आणि 2 मीटर खोलीवरचे नमुने हवेत.

आणि हे नमुने वैशाख-ज्येष्ठात घ्या. सर्वेक्षणाची कामे पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे काढण्याची पद्धत आहे, कारण तेव्हा रस्ते वाळलेले असतात आणि माणसांना काम सोसवते. पण तेव्हा जमिनीत पावसाची ओल असते आणि प्रत्येक आकडा गोड येतो. या किनाऱ्यावर वारा सर्वात जोरात असतो तो नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात. जुलै-ऑगस्टमध्ये केबल पूर्ण भाराने चालेल, पण वरून पाऊस पडत असेल आणि माती ओली असेल, ते निभते. अवघड काळ त्याच्या आधीचा आहे: मेचा उत्तरार्ध आणि जून उजाडतानाचे दिवस. वारा वाढलेला, पाऊस यायचा, आठ महिन्यांची कोरड मुरलेली, आणि वरच्या उन्हाची धग केबलच्या खोलीपर्यंत पोहोचलेली. गणित त्या पंधरवड्याचे मांडा.

वाईट माती टाळता येत नसेल तर चरात केबलभोवती वेगळा भराव घालतात. चौदा भाग वाळूला एक भाग सिमेंट हे मिश्रण इंग्लंडमध्ये सर्रास वापरतात. आपल्याकडे ठेकेदाराला वाळू म्हटले की जवळची वाळू आठवते. समुद्राची एकाच आकाराच्या कणांची वाळू कोरडी झाली की तिचा रोध अडीचच्या पुढे जातो. तीत मीठ असते ते वेगळेच, आणि ती किनाऱ्यावरून उचलणे हा आणखी निराळा गुन्हा. या भागात मिलिओलाइट चुनखडीच्या खाणी आहेत. बारीक ते जाड अशा सगळ्या आकारांचे कण असलेली तिची चूर नीट दाबली तर भरावासाठी चांगली ठरू शकते. ‘ठरू शकते’ असे म्हणतो, कारण खाण बदलली की चूर बदलते. दर काही ट्रकांमागे चाळणी आणि कोरड्या रोधाची चाचणी लागतेच. भराव घालताना हमखास होणारी चूक म्हणजे तो एकदम मीटरभर टाकून वरून दाबणे. 15 सेंटीमीटरचा थर, मग दाबाई, मग पुढचा थर. डक्टच्या पोटाखालची पोकळी वरून कधीच दाबली जात नाही, तिथे हाताने भरून ठोकावे लागते.

एक शत्रू झाडाच्या रूपात येतो. खारे वारे आणि वाळवंट थोपवण्यासाठी लावलेली वेडी बाभूळ, म्हणजे तिकडची गांडो बावळ, या सगळ्या किनाऱ्यावर पसरली आहे. तिची मुळे खोलवरची ओल ओढून घेतात. केबल टाकताना तोडली तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा उभी राहते. मार्गाच्या देखभालीच्या अंदाजपत्रकात ती उपटण्याचा खर्च दरवर्षी धरला नाही, तर दहाव्या वर्षी चांगल्या मातीचे शंभर मीटर वाईट होतात. याउलट महुव्याचा कांदा. पाणी चालू आहे तोवर कांद्याच्या वाफ्याखालची माती केबलसाठी आदर्श, पण रब्बी निघाला की तेच शेत मे महिन्यात धग सोडते. लासलगावकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. तक्त्यात मात्र ‘बागायत, ओली’ असे लिहून गाडी पुढे जाते.

आता केबल किनाऱ्याला लागते ती जागा. तिथे उघडा चर न खणता एचडीडीने, म्हणजे जमिनीखालून तिरपे भोक पाडत, डक्ट समुद्रात काढतात. वाळूचे टेकाड, कासवांची अंडी घालण्याची जागा, खारफुटी यांना हात न लावता जाता येते, म्हणून परवानगीच्या अर्जात एचडीडी हा शब्द उठून दिसतो. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2019 च्या अधिसूचनेनुसार या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत, तेव्हा त्यांच्या खालून जाणे बरोबरच आहे. पण उष्णतेच्या दृष्टीने बहुतेक मार्गांवरचे सर्वात वाईट शंभर मीटर याच भोकात असतात. 27 सेंटीमीटर व्यासाची समुद्री केबल 1.2 मीटरऐवजी 15 मीटर खोल गेली की, माती तीच धरली तरी, बाहेरचा उष्णतारोध सुमारे 1.9 पट होतो. खोलवर माती ओली आणि थोडी थंड असते, हा दिलासा खरा. पण तेवढ्याने भागत नाही. डक्टमधली पोकळी उष्णता वाहणाऱ्या बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटच्या मिश्रणाने भरावी लागते, दोन भोकांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवावे लागते, आणि इतके करूनही भागले नाही तर तेवढ्या तुकड्यासाठी जाड वाहकाची केबल घ्यावी लागते. तशी केबल कारखान्यात सुरुवातीलाच मागवावी लागते. मार्ग उशिरा ठरला की ही वाट बंद होते, आणि मग बारा महिने वीज कमी वाहून नेण्याचा ‘उपाय’ उरतो.

ड्रिलिंगमधली ठरलेली अडचण म्हणजे बेंटोनाइटचा चिखल भलत्याच ठिकाणी वर येणे. वरचे आच्छादन पातळ असेल किंवा चुनखडीत पोकळ्या असतील, तर दाबाखालचा चिखल वाट शोधतो आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किंवा कोणाच्या तरी विहिरीत निघतो. या किनाऱ्यावरच्या चुनखडीत पाण्याने पोखरलेल्या जागा असतात. तेव्हा भोकाच्या रेषेवर दोन-तीन नव्हे, दर 100-150 मीटरला एक बोअर घेऊन खडक बघा. आणि सर्किटच्या गरजेपेक्षा एक डक्ट जास्त टाका. एचडीडीमध्ये केबल बिघडली तर खणून दुरुस्त करता येत नाही, सगळी लांबी ओढून काढावी लागते. रिकामा डक्ट तयार असेल तर महिने वाचतात.

भोक जमिनीवर जिथे निघते तिथे ट्रान्झिशन जॉइंट बे येतो. तीन गाभ्यांची समुद्री केबल इथे तीन स्वतंत्र केबलींना जोडली जाते. हा काँक्रीटचा खड्डा भरतीरेषेपासून किती आत घ्यायचा? नियमातले अंतर हा किमान आकडा आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात हॅपिसबरा येथे कडा इतक्या वेगाने समुद्रात ढासळते आहे की तिथे केबल किनाऱ्याला लावताना पुढच्या काही दशकांत किनारारेषा कुठे असेल हे आधी ठरवावे लागले. आपल्याकडे किनाऱ्याचे जुने उपग्रह-नकाशे उपलब्ध आहेत. 40 वर्षांची धूप मोजा आणि त्यावर 17 मे 2021 च्या तौक्तेसारख्या वादळाची लाट चढवा. तौक्ते दीव आणि उन्याच्या दरम्यान जमिनीवर आले आणि अमरेली, भावनगर, गीर सोमनाथमध्ये हजारो खांब आडवे झाले. जमिनीखालची केबल महाग असली तरी हा तिचा मोठा गुण आहे. पण ट्रान्झिशन बे उघडा पडला तर तो गुण तिथेच संपतो.

यापुढची गोष्ट केबलवाल्यांच्या पुस्तकात क्वचित असते, म्हणून जरा थांबून सांगतो. सौराष्ट्राच्या या पट्ट्यात विहिरींत खारे पाणी शिरणे हे जुने दुखणे आहे. सरकारने त्यासाठी भरती-नियंत्रक आणि बंधारे बांधले. तळाजा-महुवा दरम्यानचा मेथळा बंधारा तर 2018 मध्ये शेतकऱ्यांनी वर्गणी आणि श्रमदानातून उभा केला. कोकण-गोव्याच्या खाजणात बांधाला खेकड्याने पाडलेले भोक काय करते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे लगेच कळेल. केबलचा चर म्हणजे दीड मीटर खोल, मीटरभर रुंद आणि काही किलोमीटर लांब अशी भुसभुशीत नाली. आजूबाजूला घट्ट काळी माती आणि नालीत वाळू. भरतीच्या वेळी खारे पाणी हिच्यातून आत चालत येते, किंवा बंधाऱ्यामागचे गोडे पाणी हिच्यातून समुद्राकडे झिरपून जाते. खोदाई नीट झाली, चाचण्या पास झाल्या, वीज वाहू लागली, आणि तीन वर्षांनी अर्धा किलोमीटर आतल्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, तर ते केबलमुळे झाले हे शेतकरी सिद्ध करू शकणार नाही आणि तुम्ही नाकारूही शकणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. चरात ठरावीक अंतराने चिकणमातीचा किंवा बेंटोनाइट मिसळलेल्या मातीचा आडवा बांध घालायचा, चराच्या भिंतींत अर्धा मीटर आत खोचून. सपाट जमिनीत दर 50 मीटरला, बंधारा किंवा ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ. फक्त हा बांध केबलला चिकटून असेल तिथे त्याचाही उष्णतारोध तपासून घ्या, नाहीतर पाणी वाचवताना आपण नवीन वाईट मीटर तयार करतो. काम सुरू करण्याआधी मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या 200 मीटरमधल्या प्रत्येक विहिरीचे पाणी तपासा. क्षार किती, पातळी किती, तारीख कोणती, हे लिहिलेला कागद शेतकऱ्याच्या हातात द्या.

वळणांबद्दल थोडे. शेतकऱ्याला वाटते की केबल बांधाच्या कडेने जावी, वावर दुभंगू नये. त्याचे बरोबर आहे. पण बांध काटकोनात वळतात आणि केबल तशी वळत नाही. केबल विंचने ओढली जाते. डक्टमध्ये घर्षणांक 0.3 धरला तर 90 अंशांच्या एका वळणावर ताण 1.6 पट होतो, दुसऱ्या वळणानंतर 2.56 पट. वळणाच्या आतल्या बाजूला केबल दाबली जाते आणि नुकसान बाहेरून दिसत नाही. ते केबलच्या बाहेरच्या आवरणाच्या 10 किलोव्होल्ट चाचणीत दिसते किंवा दोन वर्षांनी फॉल्टमध्ये. तडजोड अशी निघू शकते: एका ड्रमवर, म्हणजे केबलच्या रिळावर, मावणाऱ्या लांबीत एकच मोठे वळण, तेही सुरुवातीच्या टोकाजवळ, जिथे ताण अजून कमी असतो, आणि कोपरा कापल्यामुळे जेवढे वावर जाते त्याचा मोबदला कोपऱ्याच्या हिशोबाने, सरळ पट्ट्याच्या नव्हे. ओढायची दिशा कोणती, हे मार्गाच्या नकाशावर बाणाने दाखवलेले आम्हाला फार क्वचित दिसले आहे.

ड्रमचा हिशोब मार्ग ठरवतानाच करायचा असतो. मीटरला 25 किलो धरले तर 600 मीटर केबल 15 टन होते, लोखंडी ड्रमचे वजन वेगळे. हा ड्रम ट्रेलरवरून जॉइंट बेपर्यंत, म्हणजे दोन तुकडे जोडायच्या खड्ड्यापर्यंत, न्यायचा आहे, गाडीवाटेने आणि मोरीवरून. दहा किलोमीटरला 600 मीटरच्या तुकड्यांनी 16 जागी जॉइंट येतात, सहा केबलींचे मिळून 96. शिवाय क्रॉस-बाँडिंगसाठी, म्हणजे तीन केबलींची धातूची आवरणे (शीथ) तुकड्यागणिक आलटूनपालटून जोडण्यासाठी, तीन-तीन तुकडे शक्य तितक्या समान लांबीचे हवेत. एक तुकडा ओढ्यापायी 400 आणि शेजारचा 650 झाला की शीथमधून करंट फिरत राहतो आणि ती उष्णता पुन्हा त्याच मातीत.

जॉइंट म्हणजे केबलमधली सर्वात नाजूक जागा, कारण ती कारखान्यात बनत नाही, शेतात बनते. जॉइंटर एक्सएलपीईचा पृष्ठभाग घासून आरशासारखा करतो. मग त्यावर हात फिरवत नाही, उजेड तिरपा पाडून बघतो. वाळूचा एक कण किंवा बोटाचा घाम तिथे राहिला तर काही वर्षांनी स्फोट तिथूनच सुरू होतो. असा तंबू मिठागराच्या कडेला, कच्च्या रस्त्याच्या धुरळ्यात किंवा कांदा सुकवण्याच्या कारखान्याच्या वाऱ्याखाली लावायचा नसतो. हवा कोरडी ठेवणारे यंत्र आणि अखंड वीज नसेल तर त्या दिवशी जॉइंट उघडायचाच नाही. पण ‘बे क्रमांक 11’ नकाशावर नेमका मिठागराच्या कडेला पडलेला असतो, कारण 600-600 मीटर मोजत आल्यावर अकरावा तिथेच आला.

आता एकदाच खोदण्याबद्दल. नॉरफोकमध्ये हॅपिसबराहून नेक्टनकडे जाणारा सुमारे 60 किलोमीटरचा एक केबलमार्ग आखला गेला आणि वेबर्नहून नॉरिचकडे जाणारा दुसरा. दोन वेगळे विकासक, दोन वेगळे अर्ज. हे दोन मार्ग रीपमच्या परिसरात एकमेकांना छेदतात. दोन्ही नकाशे एका टेबलावर आधी आले असते तर हा छेद झाला नसता. जिथे केबल केबलला ओलांडते तिथे एकीला खोल जावे लागते आणि दोघी एकमेकींना तापवतात, म्हणजे वाईट शंभर मीटर आपण स्वतःच बांधतो. हॅपिसबराच्या प्रकल्पाची परवानगी तर फेब्रुवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. नेक्टनला त्याच्या शेजारीच येणाऱ्या जुळ्या प्रकल्पाचा एकत्रित परिणाम विचारात घेतला नव्हता, हे त्याचे कारण. नवी परवानगी मिळायला आणखी एक वर्ष गेले. याच भागातला चांगला नमुनाही आहे. ईस्ट अँग्लिया वन या 714 मेगावॉटच्या प्रकल्पाने बॉडसीपासून ब्रॅमफर्डपर्यंतच्या 37 किलोमीटरमध्ये आपल्या केबलबरोबरच पुढच्या प्रकल्पासाठी रिकामे डक्ट टाकून ठेवले.

गुजरातच्या किनाऱ्यावर आपण 500 मेगावॉटवर थांबणार नाही, हे नियोजनातच लिहिलेले आहे. मग पहिल्या खोदाईतच निदान पुढच्या 500 मेगावॉटचे डक्ट टाका. एक इशारा: डक्टमधली केबल थेट मातीतल्या केबलपेक्षा जास्त तापते, आणि चारही सर्किट भरल्यावर मधल्या दोन सर्वात जास्त. त्यामुळे आज टाकायच्या केबलचे गणित चार सर्किट चालू आहेत असे धरून करा. पट्टा थोडा रुंद लागेल. खोदाईच्या काळात दोन सर्किटना, मातीचे ढीग आणि कामाचा रस्ता धरून, साधारण 25 ते 30 मीटर लागतात. चारांना याच्या दुप्पट लागत नाहीत.

काही बाबी थोडक्यात. राष्ट्रीय महामार्ग 51, रेल्वे आणि वायूवाहिन्या ओलांडायच्या त्या काटकोनात; पोलादी वाहिनीला समांतर किलोमीटरभर जाणे टाळा, फॉल्टच्या वेळी तिच्यात विद्युतदाब प्रेरित होतो. राजुला, जाफराबाद, महुवा भागात सिंहांचा वावर आहे. रात्री उघडा राहणारा चर दोन्ही टोकांना आणि मध्येही उताराचा ठेवा, सिंह असो वा नीलगाय, तिला बाहेर चढता आले पाहिजे. तळाजा तालुक्यातल्या पाद्री येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हडप्पाकालीन वसाहतीचे उत्खनन केले आहे. असे टेकाड खोदायंत्राखाली सापडण्यापेक्षा आधी चुंबकीय सर्वेक्षणात सापडलेले बरे. इंग्लंडमध्ये वर सांगितलेल्या ईस्ट अँग्लियाच्या चरातच 2018 मध्ये चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची लाकडी वाट निघाली होती. आणि वरची सुपीक माती वेगळी, खालची वेगळी. काळी माती ओली असताना हलवायची नाही, हे ठेकेदाराच्या करारात दंडासह लिहा.

मोबदल्यावर मात्र थोडक्यात भागणार नाही. ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के असे सूत्र आहे. ही भाषा टॉवरची आणि तारांची आहे. जमिनीखालच्या केबलचे नुकसान निराळे असते. पीक पुढच्या हंगामात परत येते. पण त्या पट्ट्यावर विहीर खणता येत नाही, बोअर घेता येत नाही, नारळ लावता येत नाही, खोल नांगरट करता येत नाही. सौराष्ट्रात दोन एकराच्या तुकड्यात विहिरीची एकच जागा असते, आणि ती पट्ट्यात गेली तर राहिलेल्या जमिनीचीही किंमत उतरते. हे सूत्र केबलला कसे लावणार, विहिरीच्या हक्काचे किती, ट्रान्झिशन बे आणि लिंक बॉक्सच्या (शीथच्या जोडण्यांच्या पेटीच्या) कायमच्या जागेचे किती, हे मार्ग जाहीर करण्याआधी गुजरातीत छापून गावोगाव द्या. विद्युत कायद्याच्या कलम 164 चे अधिकार हातात असतात म्हणून बोलणी नंतर करायची, हा क्रम उलटा आहे. शेतकऱ्यांनी वावरात गाडलेल्या पीव्हीसीच्या पाइपलाइनी कोणत्याही नकाशावर नाहीत, त्या फक्त त्यांना ठाऊक आहेत. आधी भांडण झालेल्या शेतात जेसीबी पाइप फोडतो आणि मग दोन आठवडे काम बंद पडते.

म्हणून आमची मागणी. निदान तीन पर्यायी मार्गांचा एक-एक पानाचा तक्ता जाहीर करा. त्यात लांबी आणि खर्च असू द्याच, पण पहिल्या ओळीत त्या मार्गावरचे सर्वात वाईट शंभर मीटर कोणते, कुठल्या गावाच्या शिवारात, तिथला कोरडा उष्णतारोध किती, केबलची खोली किती, आणि तिथे केबल किती अँपिअर वाहील, हे असू द्या. त्यानंतर ओढण्याच्या दिशा, जॉइंट बेच्या जागा, विहिरी आणि बंधारे. केबलमध्ये प्रकाशतंतू घालून दर मीटरचे तापमान मोजण्याची सोय करता येते. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांचे आकडे खुले करा. तमिळनाडूत आवरैकुलमच्या बाजूला हेच काम करायचे आहे. तिथली माती वेगळी आणि पावसाचे महिने वेगळे, म्हणून इथला तक्ता तिकडे उचलून नेता येणार नाही. इथल्या चुका मात्र बघता येतील.

मातीचे नमुने येत्या मे महिन्यात घ्यायचे तर निविदा फेब्रुवारीच्या आत निघायला हवी. ती चुकली की पुढचा खरा आकडा मिळायला आणखी एक वर्ष थांबावे लागेल, किंवा ऑक्टोबरच्या ओल्या मातीवर भरवसा ठेवावा लागेल.

कळावे,
आपले,
उच्चदाब केबलचे आरेखन, खोदाई आणि जोडणी करणारे काही मराठी अभियंते आणि तंत्रज्ञ